पूजेतला जॅक

दसऱ्याच्या संध्याकाळी कुंभार पिंपळगावात माझ्या घरासमोर मी आपट्याची पानं घेऊन उभा होतो. दर दसऱ्याला जुन्या जालन्याहून कनूशेठचा ट्रक यायचा. वेशीपासूनच भोंगा सुरू व्हायचा आणि उतरल्या उतरल्या तो माझ्या हातात सोनं कोंबून म्हणायचा, "दिगूभाऊ, आधी चहा, मंग गप्पा." यंदा भोंगा वाजला नाही. घरी पाहुणे आले असतील, असं म्हणून आम्ही जेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीतून उतरलेल्या आमच्या गावच्या शिंप्यानं रस्त्यातच मला गाठलं. "कनूशेठ गेले. ट्रक नाल्यात उलटला." मी त्याला विचारलं, "कोण कनूशेठ?" ... आज महिना उलटला, तरी वाटतं, त्यानं दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं.

कनूशेठचे आजोबा राजस्थानातून आले, वडिलांचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान. निजामावर पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि पुढं थोड्याच दिवसांत या पोरानं लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रक घरासमोर आणून उभा केला. ट्रक घेतला एक वेळ ठीक, पण चालवायचाही स्वतःच! "आपल्यात पोरं गादीवर बसतात, स्टेअरिंगवर न्हाई," असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. कनूशेठ हसायचा आणि चावी फिरवायचा. आमच्या गावचा कापूस न्यायला तो आला, जेवायला थांबला, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्याचं ताट वेगळं सांगावं लागलं नाही.

आमच्याकडची काळी माती पावसात कशी होते, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. ट्रकची मागची चाकं जोडीची, ती जोर लावतात. पुढची बिचारी एकेकटी आणि अरुंद, ती चिखलात सुरीसारखी घुसतात. मंग बैल जोडा, दोर लावा, शिव्या द्या. एका पावसाळ्यात कनूशेठनं भंगारातून लष्कराच्या मोठ्या गाडीच्या रुंद रिंगा आणि टायर पैदा केले आणि पुढं बसवायला घेतले. बोल्टची भोकं जुळली, पण टायर मडगार्डला घासायला लागला. त्यानं मडगार्ड कापलं. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या स्प्रिंगच्या पाट्यांना घासायचा. तेव्हा त्यानं अ‍ॅक्सलला एक लोखंडी गुटका जोडून घेतला, म्हणजे चाक घासण्याआधीच अडायचं. टायर वाचला, पण ट्रक आता निम्माच वळायचा. गल्लीत शिरला तर उलटा काढावा लागायचा.

"उंटाचा पाय पाह्यला का दिगूभाऊ?" तो म्हणाला होता. "रुंद असतो, म्हणून वाळूत रुतत न्हाई. आमच्या मुलखाचं जनावर हाय, तुमच्या चिखलात बी चालंल." वडिलांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "ट्रक उंट, आन् आमचे चिरंजीव उंटावरचे शहाणे!" पण त्याच पावसाळ्यात माझी बायको अडली. सुईणीनं हात टेकले होते. बैलगाडी वाटेतच रुतली असती. योगायोगानं कनूशेठ गावात होता. ट्रकमध्ये कडबा पसरून त्यावर गादी टाकली, आणि तो उंट त्या चिखलावरून डुलत डुलत निघाला. स्टेअरिंग ओढून ओढून कनूशेठचे हात सुजले. दवाखान्यात पोचलो, दोघी वाचल्या. त्या पोरीला तो शेवटपर्यंत 'टायरबाई' म्हणायचा आणि ती चिडायची.

त्याचा एक नेम होता. रुंद चाकं फक्त पावसाळ्यात. अष्टमीला ती गुटक्यासकट उतरवायची आणि जुनी चढवायची, कारण नवमीला जॅक, पाने, हातोडे सगळे देवघरात पूजेला बसायचे. एकदा हळद-कुंकू वाहिलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. "बापानं दौत पुजली, मी जॅक पुजतो," म्हणायचा. यंदा परतीच्या पावसानं त्याला बाहेरच अडकवलं. नवमीच्या संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा त्याच्या बायकोची, आमच्या भाभींची, पूजा मांडून झाली होती. "राहू दे रुंद चाकं," तो म्हणाला. "दिगूभाऊच्या गावचा चिखल आजून वाळला नसंल, बरंच हाय."

दसऱ्याला ट्रकला झेंडूची माळ घालून तो निघाला. जालन्याबाहेर नाल्याजवळ सीमोल्लंघनाहून परतणाऱ्या बायकांची बैलगाडी समोरून येत होती. फटाक्यानं बैल बुजले, गाडी आडवी झाली. कनूशेठनं ट्रक बाजूला घेतला आणि लगेच परत रस्त्यावर ओढायला गेला. चाक गुटक्यापाशी अडलं, ट्रक पुरता वळलाच नाही... गाडीतल्या बायकांना खरचटलंसुद्धा नाही. कोरडा, ओळखीचा रस्ता होता हो! मला राग येतो. कुणाचा, ते कळत नाही.

परवा मी त्याच्या घरी गेलो. भाभींनी पाणी दिलं. मंग म्हणाल्या, "ते ट्रकखाली दबले म्हणून माणसं पळत आली, जॅक द्या म्हणाली. म्या पूजेतला जॅक उपसून दिला. इचार बी केला न्हाई. पण ट्रक उचलला तवर... भाईसाब, आदल्या दिवशी चाकं बदलायला काऊन न्हाई उपसला म्या?" मी उठून देवघरात डोकावलो.

देवघरात पूजा तशीच आहे. पाने आहेत, हातोडा आहे, वाळलेला झेंडू आहे, मधे जॅकची जागा मोकळी. जॅक बाहेर ओट्यावर पडलाय, नाल्याच्या चिखलानं माखलेला, आणि चिखलाखाली अजून कुंकू दिसतं. भाभी तो आत घेत नाहीत, आणि कुणाला नेऊही देत नाहीत.