जखमेवरचं कमळपान

हे मी माझ्या पोरीलाही सांगितलेलं नाही. सहा वर्षं झाली. तसा मी बडबड्या माणूस — तलावावर जाळं ओढताना सगळ्यात जास्त तोंड माझंच चालतं — पण या एका गोष्टीपाशी आलो की दातखीळ बसते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

पुस्तकला हे माझ्या बायकोचं नाव. तिची आठवण येते म्हणावं, तर ती जाते कुठे यायला? सकाळी डोंगा काठाला लावला की अजूनही माझी मान आपोआप वर होते. तिथे ती टोपली कमरेवर घेऊन उभी असायची. मासोळी लहान निघाली की म्हणायची, "हे काय पकडून आनलं जी? इची माय रडत असन ना तलावात!" तो टोमणा एकदा पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून मी काय वाट्टेल ते देईन.

धान उकडायचा गंज, ते मोठं पातेलं, चुलीवरून उतरवताना तिच्या हातून निसटला आणि उकळतं पाणी दोन्ही मांड्यांवर सांडलं. मी दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं, पांढरं मलम लावलं, पट्टी बांधली. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं — एक दिवसाआड इथे आणा. घरी पट्टी सोडायची वेळ आलीच तर आधी साबणाने हात धुवा, पाणी उकळून गार केलेलंच घ्या, दुसरं काहीही लावू नका. ताप आला, वास आला तर लगेच या. सगळं समजलं होतं मला. न समजायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हतो.

पण पट्टी जखमेला चिकटायची. पहिल्या खेपेला दवाखान्यात ती काढताना पुस्तकला अशी ओरडली की — खरं सांगू? तिच्यासाठी जीव तुटत होता, हो. पण त्याहून जास्त मलाच ते ऐकवत नव्हतं. आम्ही गिऱ्हाइकाला मासोळी कमळाच्या पानात बांधून देतो. कितीही ओली असली तरी पान चिकटत नाही. दुसऱ्या खेपेला मी तिला दवाखान्यात नेलंच नाही. तलावातून कोवळं पान खुडलं, तिथल्याच पाण्यात खळबळून घेतलं, जखमेवर ठेवलं आणि वरून पट्टी गुंडाळली.

"बाईनं त नाही म्हनलं होतं ना जी," ती म्हणाली.

"बाईले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो.

तिला गार वाटलं. दोन दिवस ती शांत झोपली आणि मी स्वतःवरच खूश होतो.

तिसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली. पट्टीतून हिरवट पाणी यायला लागलं, वास सुटला. मी ते पान काढून लांब फेकलं, नवी पट्टी बांधली आणि मग तिला दवाखान्यात नेलं. पान आधी फेकलं, हे ध्यानात घ्या. म्हणजे आपलं चुकलं हे मला तेव्हाच कळलं होतं.

बाईंनी विचारलं, "जखमेला काय लावलं? पाणी कुठलं वापरलं? खरं सांगा, औषध त्यावर ठरतं." किती साधा प्रश्न होता तो! आणि मी म्हणालो — "काहीच नाही लावलं जी. पानी उकळलेलंच होतं. हीच आयकत नाही, घडीघडी पट्टी सोडून पायते."

बाई तिच्यावर रागावल्या. पुस्तकलाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं — पण नव्हता. ती म्हणाली, "हो बाई. माह्याच हातून झालं." घरात एका मासोळीवरून मला फाडून खाणारी बाई, तिथे पदर ओढून माझा दोष स्वतःवर घेऊन बसली. का? चार लोकांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून?

तिला नागपूरला पाठवलं. तिथेही डॉक्टरांनी तेच विचारलं, आणि मीही तेच सांगितलं. त्यांनी तपासणी करून जंतू शोधला, औषध बदललं. पण तोवर ते विष रक्तात उतरलं होतं. पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो तर ती वाचली असती? माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण मी बोललोच नाही.

गावात लोक म्हणतात, बायकोची सेवा करावी तर यानं. पोर माहेरी येते. तिचं लेकरू चुलीजवळ गेलं की ती त्याला दटावते, "आजीवानी नोको करू. आजीनं डॉक्टरचं आयकलं नाही, म्हनून मेली." मी तिथेच बसलेलो असतो, जाळं विणत. दर वेळी वाटतं, आतून पुस्तकला येईल, कमरेवर हात ठेवून म्हणेल, "सांगा ना जी पोरीले, कोनं आयकलं नाही थे!" मी दाराकडे बघत राहतो. ती जिवंत असताना तिची इतकी वाट मी कधीच पाहिली नव्हती.

ती येत नाही. पोर माझ्याकडे वळून विचारते, "हो ना, बाबा?" आणि मी मान हलवतो — हो म्हणून.