चिमट्यावरचे अठ्ठ्याण्णव

समाजाच्या ग्रुपवर उशिरा लिहितोय, माफ करा. सकाळपासून राजोडीला धाकट्या लेकीच्या सासरी फोन लावतोय, कोणी उचलत नाही.

माझी थोरली लेक सुषमा ज्या आकड्याने मेली, तोच आकडा आज माझ्या तोंडावर फेकतात.

आज तिचा स्मृतिदिन.

पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. खाटेखाली कोळशाची शेगडी, वारा लागू नये म्हणून दार-खिडक्या बंद, फटीत जुनी लुगडी.

तिचं डोकं ठणकायला लागलं. उलट्या. उभी राहिली की तोल जायचा.

जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला.

"बाबा, मला वाळत घालतायत की काय?" तशातही हसली.

मी सांगितलं, "डॉक्टर, खोलीत शेगडी असते. सगळं बंद असतं."

"काका, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे. तुमच्यापेक्षा चांगला! अशक्तपणा आहे, टेन्शन घेऊ नका."

मी पुन्हा बोललो.

"मग काय, मशीन खोटं बोलतं?"

घरी आणलं. नॉर्मल आहे म्हटल्यावर शेगडी परत पेटली.

दुपारी बाळाला तेल लावायला बाहेर नेलं, म्हणून ते वाचलं.

सुषमा उठलीच नाही.

पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरांनी मला समजावलं. कोळशाचा विषारी वायू रक्ताला चिकटतो. तरी रक्त लालच राहतं. चिमट्याला वाटतं, ऑक्सिजनच आहे. खरं कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते. आणि त्या तपासणीची वाट न बघता आधी ऑक्सिजन लावायचा असतो.

मी सातवी शिकलेला. मला कळलं. त्या डॉक्टरला कळायला काय झालं होतं?

आता धाकटी माधुरी. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरी राजोडीला. तिथेही शेगडी.

काल विहीणबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुमच्या पोरीचा ऑक्सिजन बरोबर होता ना? मग शेगडीचा नाव कशाला घेता? आमच्या सगल्या सुनांना शेक दिला, कोनाला काय झाला नाय."

मागून माधुरीचा आवाज आला. "बाबा, डोकं जड झालंय थोडं."

थोडं!

माझा पाय प्लास्टरमध्ये आहे. नाहीतर मीच गेलो असतो.

सुषमा, तुझ्या फोटोला हार घातलाय. आज रडायला वेळ नाही ग.

राजोडीत कोणी असाल तर आमच्या जावयाच्या दारात जा, घर तुम्हाला ठाऊक आहे. दार उघडायला लावा, शेगडी अंगणात काढा, माधुरीला आणि बाळाला मोठ्या हॉस्पिटलात न्या. चिमट्याचा आकडा ऐकून परत फिरू नका.

आणि मला कळवा. लवकर कळवा.