डाळिंब सोलणारी बाई

बहीगाने शुकरी उस्तादांना पहिल्यांदा पाहिलं ते कैरोच्या शुब्रा भागातल्या वड्यांच्या दुकानापाशी. त्यांनी गरम वडे मांजरापुढे ठेवले आणि वडे ज्यात बांधले होते तो रंगीत चित्राचा तेलकट कागद पुसून, घडी घालून खिशात टाकला. 'गेलं डोकं बिचाऱ्याचं,' असं बहीगाला वाटलं.

मग कळलं, की पोस्टातून निवृत्त झालेले आणि आदराने 'उस्ताद' म्हटले जाणारे हे गृहस्थ तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आलेत आणि 'फानूस' नावाच्या, केव्हाच बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक जमवतात. तेही मुखपृष्ठांवरच्या रंगीत चित्रांसाठी. एक सोडून सगळे अंक त्यांच्याकडे होते. त्या एकासाठी ते रद्दीवाल्यांच्या गाड्यांमागून निम्मं कैरो पालथं घालत.

"काय आहे त्याच्यावर?" बहीगाने जिन्यात विचारलं होतं.

"डाळिंब सोलणारी बाई. पाहिली नाही अजून, ऐकून आहे."

त्या दिवसापासून बहीगाने त्यांना घरात बोलावलं नाही. डाळिंब सोलणारी बाई तिच्या बैठकीच्या भिंतीवर होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासरच्या भिंतीवर सगळे पूर्वज ठाण मांडून बसलेले, आणि तिच्या आईचा एकही फोटो नव्हता. खेड्यात काढणार कोण? बहीगाने जुन्या बाजारातून चौकटीतलं हे चित्र आणलं आणि 'माझी आई, एका चित्रकाराने काढलेली,' असं सांगून टाकलं. तेव्हापासून सारी सासरची माणसं त्या चित्रासमोर मृतांसाठीची फातिहा म्हणत आली होती.

आईच्या पुण्यतिथीला मात्र दार सगळ्यांनाच उघडं ठेवावं लागतं. शुकरी उस्ताद आले, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी घेतली, वर पाहिलं. कप हातातच राहिला.

नणंद इन्शिराह टपलेलीच होती. "उस्ताद, तुमच्याकडे अशा पुष्कळ बायका आहेत म्हणे. आमच्या वहिनीच्या आईची कुणी बहीण सापडते का बघा! मला तर मेलं हे साप्ताहिकातलंच वाटतं."

"वन्सं, आज तरी..." बहीगाने तिच्यापुढे कॉफी सरकवली.

शुकरींनी कप खाली ठेवला. "साप्ताहिकातलं असतं तर माझ्याकडे असतं. माझा संच पूर्ण आहे."

"आणि तो न सापडलेला अंक?" इन्शिराहने सोडलं नाही.

"सापडला. त्यावर बदक आहे."

मग त्यांनी हात उघडे धरून चित्रासमोर फातिहा म्हटली, इतरांपेक्षा जरा सावकाश.

बाकी सगळे गेल्यावर बहीगाने खिळ्यावरून चौकट उतरवली. "घेऊन जा, उस्ताद."

"तुमच्या आईला? एकट्या माणसाच्या घरी? इमारत काय म्हणेल!" ते दारापर्यंत गेले, थांबले. "तेवढं उन्हातून हलवा. लाल रंग आधी उडतो."

चित्र आता आतल्या भिंतीवर आहे. शुकरी उस्ताद दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर चहाला येतात आणि त्याच्या समोरच्याच खुर्चीत बसतात.