आधी जायची वाट

ज्यांच्यामुळे मी आज चार लोकांत उभा राहून बोलू शकतो, त्या आमच्या बाई. पुण्यावरून वाहणारा वारा बाईंना विचारून वळतो, असं मी म्हटलं तर धायरीत तरी कोणी हसणार नाही. कोणाच्या गच्चीवरचे पापड उडणार, कोणाच्या न्हाणीघराचा वास कोणाच्या देवघरात शिरणार आणि कोणाच्या नव्या जिन्यात पावसाची झड येणार, हे बाई गॅलरीत उभ्या राहून आधीच सांगत आणि तसंच होई. गल्लीतले लोक त्यांच्याकडे थोड्या भीतीनेच पाहत. बाईंचं म्हणणं मात्र एवढंच असे, की हवेइतका सरळ स्वभाव जगात कोणाचाच नाही. वाकड्यात शिरतो तो माणूस.

बाई अभियांत्रिकी महाविद्यालयात द्रायुयामिकी शिकवत. पाणी, तेल, हवा अशा वाहणाऱ्या पदार्थांचं ते शास्त्र. मी वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून तिथे आलो होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पहिल्याच तासाला शंका विचारायला उठलो आणि शाळेच्या सवयीने ‘बाई’ अशी हाक मारली. वर्ग खदखदून हसला, कारण तिथे सगळे ‘मॅडम’ म्हणत. बाईंनी चष्म्यावरून वर्गाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हसायला काय झालं? मी बाईच आहे. आपल्याला काही निराळी माहिती आहे का?” मुलांनी वह्यांत माना घातल्या. पुढे मला कळलं, की ‘आपण’ हा बाईंचा रागाचा शब्द. त्या ‘तू’ म्हणाल्या की आभाळ निरभ्र, ‘तुम्ही’ म्हणाल्या की ढग आले, आणि ‘आपण’ म्हणाल्या की खिडक्या लावून घ्याव्यात.

माझी खरी फजिती तोंडी परीक्षेत झाली. इंग्रजी पुस्तक झेपत नव्हतं, म्हणून गावच्या वाचनालयातल्या जुन्या परिभाषा कोशातून मी एकेक शब्द मराठीत उतरवून घोकला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “फ्लुइड म्हणजे काय?” मी घाबरून मोठ्याने म्हणालो, “द्रायू!” त्यांना ऐकू आलं ‘ड्राय’. ते म्हणाले, “फ्लुइड ड्राय असतं?” मी म्हणालो, “होय सर. नेहमीच.” बाहेर रांगेत उभी असलेली मुलं हसत सुटली. बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, तो बरोबर सांगतोय. द्रव आणि वायू, दोन्ही मिळून द्रायू. चांगला शब्द आहे. आपली आणि या शब्दाची भेट झालेली दिसत नाही.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुझे वडील काय करतात?” मी सांगितलं, जिनिंगमध्ये हमाल आहेत. “तिथे कापूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कसा जातो?” मी म्हणालो, पाइपातून, हवेच्या ओढीने. “आणि तुंबतो कुठे?” वळणानंतर, आतल्या अंगाला. बाबा तिथेच बांबू ठोकतात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. “का तुंबत असेल?” या प्रश्नावर मात्र मला थांबता येईना. वळणावर हवा आतल्या भिंतीला धरून राहत नाही, सुटते, तिथे भोवरा होतो आणि कापूस त्यात गरगरत बसतो, हे सगळं मी माझ्या भाषेत सांगितलं. मी पास झालो. मुलं मला ‘ड्राय’ म्हणून चिडवू लागली. बाई मात्र त्या दिवसापासून मला ‘द्रायू’ म्हणू लागल्या, आणि माझं खरं नाव त्यांना आठवत असेल का, याची मला आजही खात्री नाही.

बाईंच्या पर्समध्ये एक वेळ रुमाल नसे, पण उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी हमखास असे. भक्ती हे कारण नव्हतं. “हवा दिसत नाही, म्हणून लोक तिच्याबद्दल वाटेल ते बोलतात. धूर सोडला की खोटं उघडं पडतं,” असं त्या म्हणत. एका लग्नात त्यांनी कार्यालयाच्या मधोमध उभं राहून उदबत्ती पेटवली. गुरुजींना वाटलं काहीतरी विधी राहिला, त्यांनी भक्तिभावाने हात जोडले. बाई म्हणाल्या, “गुरुजी, आपला होम पंख्याच्या चुकीच्या बाजूला मांडलाय. धूर वधूच्या डोळ्यांत जाणार.” कोणी मनावर घेतलं नाही. तासाभराने मुलगी घळाघळा रडू लागली, आणि तिच्या मावशा एकमेकींना सांगू लागल्या, की बघा, पोरीला माहेर कसं सुटत नाही. बाई माझ्या कानात म्हणाल्या, “माहेर नाही रे, पंखा.” आणखी एक गोष्ट. उदबत्तीच्या टोकावरची ज्योत त्या खुशाल तोंडाने फुंकून विझवत. शेजारच्या काकूंनी एकदा न राहवून सांगितलं, “अहो, फुंकू नये. हलवून विझवावी. आपल्याकडे चालत नाही.” बाई म्हणाल्या, “मारुती वाऱ्याचाच मुलगा ना? त्याने अजून तक्रार केलेली नाही.”

त्यांच्याबरोबर सिटी बसने जाणं म्हणजे परीक्षाच. बसमध्ये उकडू लागलं की त्या समोरची खिडकी सोडून मागच्या प्रवाशांना उठवून मागच्या खिडक्या उघडायला लावत. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, “मावशी, बस चालवायची का उडवायची?” “आधी श्वास घेऊ द्या,” बाई म्हणाल्या, “उडवायचं नंतर बघू.” घरी भांडी घासायला येणाऱ्या सखूबाईंना त्या नळाची बारीक धार थांबून बघायला लावत. “बघा, इथपर्यंत शहाणी आहे. इथून खाली वेडी झाली.” काचेसारखी सरळ उतरणारी धार खाली जाऊन विस्कटते, त्यावर बाईंचा अर्धा अभ्यासक्रम उभा होता. सखूबाई म्हणत, “आमच्या घरातबी असंच हाय. सकाळी शहाणी, संध्याकाळी येडी.” बाईंना हे इतकं आवडलं, की पुढच्या वर्षी त्यांनी ते वर्गात उदाहरण म्हणून दिलं.

पण बाईंचा मूळ मंत्र निराळा होता. कोणीही ‘घरात हवा येत नाही’ अशी तक्रार केली, की त्या विचारत, “जायला वाट ठेवलीत का?” लोक पश्चिमेला मोठी खिडकी पाडतात आणि समोरच्या भिंतीला कपाट लावतात. मग हवा येणार कुठून? “आधी जायची वाट, मग यायची. भरलेल्या घरात हवासुद्धा शिरत नाही.” हे त्या इतक्या वेळा म्हणत, की आम्ही ते फळ्यावर लिहिलेलं पुसतही नसू.

पदवी झाली, खराडीत नोकरी लागली. मोठ्या इमारतींत, दवाखान्यांच्या वॉर्डांत हवा कशी फिरेल, हे संगणकावर आधी पाहून देणं हे माझं काम. नोकरी लागली तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या आणि धायरीतल्या त्यांच्या बंगलीतली वरची खोली रिकामी होती. खराडी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण मी हौसेने तिथे राहायला गेलो. संध्याकाळी परत आलो की बाई पश्चिमेच्या खिडकीपाशी आपल्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या दिसत. सिंहगडाकडून येणारा वारा त्या खिडकीतून आत येई, त्यांच्या पातळाचा पदर हलवी आणि जिन्याकडे निघून जाई. “आला बघ,” त्या म्हणत, जणू कोणी नातेवाईक यायचा होता.

मग त्या खिडकीसमोरच्या रिकाम्या शेतात टोलेजंग इमारतीचं काम सुरू झालं. वारा आता एकटा येईना, सिमेंटची धूळ घेऊन येऊ लागला. त्याच सुमारास बाईंना धाप लागू लागली. श्वासनळ्या अरुंद झाल्यात, धुळीपासून जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पश्चिमेची खिडकी बंद झाली. बाईंची लेक बंगळुरूला असते. ती फोनवर म्हणू लागली, “आई, हट्ट पुरे. इकडे ये.” बाईंना आपलं घर सोडायचं नव्हतं, आणि त्यांनी ते सोडावं असं मलाही वाटत नव्हतं. मी लेकीला म्हणालो, “ताई, दिवाळीपर्यंत थांबा. मी घर नीट करतो.” ती म्हणाली, “घर तू करशील रे नीट. आईच्या छातीचं काय करशील?”

मी सुट्टीच्या दिवशी बसून बाईंचं घर संगणकात उभं केलं. खिडक्या, दारं, जिना, माळा, सगळं. निळ्या-तांबड्या रंगांत हवा वाहताना दाखवली आणि मोठ्या अभिमानाने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी चष्मा सारखा केला. “रंगपंचमी छान झाली आहे,” त्या म्हणाल्या. “पण या घरात कोणी राहत नाही का?” मी घर रिकामंच काढलं होतं. बसलेल्या माणसाच्या अंगाची ऊब असते, तिने भोवतालची हवा वर चढते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी वेताच्या खुर्चीत एक माणूस बसवला आणि पुन्हा गणित चालवलं. खिडकी बंद असताना घरातल्या हवेचा भोवरा नेमका त्या खुर्चीभोवती फिरत होता.

“खुर्ची हलवू या,” मी म्हणालो.

“खुर्ची तिथेच राहील. हवा हलवा.”

मग आम्ही कामाला लागलो. जिन्यावरचा झरोका बाईंच्या यजमानांनी, ते होते तेव्हा, कबुतरं शिरू नयेत म्हणून फळी ठोकून बंद केला होता, ती मी काढली. धूळ अडवायला स्वयंपाकघराच्या खिडकीला ओलं कापड लावलं. झरोक्यात बसवायला बुधवार पेठेतून एक छोटा पंखा आणायला गेलो, तर बाई मागे लागून आल्या. दुकानात त्यांनी पर्समधून शिवणाचा दोरा काढला आणि प्रत्येक पंख्यापुढे धरून पाहू लागल्या. दुकानदार म्हणाला, “बाई, पंखा न्यायचाय की त्याचं लग्न जमवायचंय?” “दोन्हीकडे दिशा पाहूनच घ्यावं लागतं,” बाई म्हणाल्या. पंखा बसला. उदबत्ती लावली. धूर स्वयंपाकघराकडून निघाला, खुर्चीवरून सरळ रेषेत गेला आणि झरोक्यातून बाहेर पडला. बाईंनी टाळी वाजवली. “द्रायू, जमलं रे तुला!” माझ्या पदवीदान समारंभात मला इतका आनंद झाला नव्हता.

दिवाळी त्या घरातच झाली. पण थंडी आली आणि वारा पडला. धूळ जमिनीलगत तरंगत राही. ओल्या कापडाला आणि छोट्या पंख्याला ती आवरेना. बाई वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घेऊ लागल्या. एका सकाळी मी दुसऱ्या पंख्यासाठी हातोडी घेऊन खाली उतरलो, तेव्हा त्या खुर्चीत बसून उदबत्ती पेटवत होत्या. टोकाला ज्योत धरली. त्यांनी फुंकर घातली. ज्योत वाकली आणि पुन्हा उभी राहिली. त्यांनी परत फुंकली. ज्योत पुन्हा उभी राहिली. मग त्यांनी हात हलवून ती विझवली, शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं तशी.

मी दारातच थांबलो होतो. म्हणालो, “बाई, उत्तरेला आणखी एक पंखा बसवला, तर...”

“आपण जरा थांबता का?” त्या म्हणाल्या. ‘आपण’ ऐकून मी हातोडी खाली ठेवली. थोडा श्वास घेऊन त्यांनी विचारलं, “हवा अडली की लोक कुठे चुकतात?”

“येणाऱ्या खिडकीशी झटत बसतात.”

“आणि चूक कुठे असते?”

“जायच्या वाटेत.”

“मग,” बाई हळूच म्हणाल्या, “दारातून बाजूला हो ना, द्रायू.”

मी बाजूला झालो. लेकीला फोन त्यांनी स्वतःच केला.

बंगळुरूला निघताना त्यांनी वेताची खुर्ची नेली नाही. “घर बंद ठेवू नकोस. बंद घरातली हवा शिळी होते,” एवढंच सांगितलं. आणि पत्र लिही म्हणाल्या, मेल नको, मेलला हात लावता येत नाही. मी बरेच महिने लिहू शकलो नाही. शेवटी गेल्या आठवड्यात हे पत्र पाठवलं:

“ती. बाईंना सा. न.

समोरची इमारत पूर्ण झाली. धूळ बसली आहे. पश्चिमेचा वारा आता त्या इमारतीला धडकतो, तिच्या कोपऱ्यावरून वळतो आणि आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतो. हे ना तुमच्या गणितात होतं, ना माझ्या संगणकात. मी काल पुन्हा गणित चालवून पाहिलं, तर आता बरोबर दिसतं. म्हणजे वाऱ्याने आधी करून दाखवलं, मग मला जमलं.

रोज सकाळी उठून मी आधी झरोका उघडतो, मग खिडकी. सखूबाई विचारतात, घरात कोण नाही तर कोणासाठी उघडता? मी सांगतो, बाईंनी सांगितलंय.

बाबा मागच्या आठवड्यात आले होते. मी त्यांना माझं ऑफिस दाखवलं, माझ्या संगणकावरचे रंग दाखवले. ते म्हणाले, ‘म्हणजे तू पण पाइपच ठोकतोस.’ मी म्हणालो, हो. तुम्ही असता तर हसला असता.

तुमची खुर्ची हलवलेली नाही. काल संध्याकाळी पंख्याशिवायच वारा आला. खुर्चीवरून गेला. त्या वेळी मी ‘आला बघ’ असं मोठ्याने म्हणालो, आणि मग लक्षात आलं, की खोलीत मी एकटाच आहे.

ताईंच्या घरी खिडकी उघडता का? सोबत एक उदबत्ती ठेवली आहे. तिथे लावून बघा आणि धूर कुठे जातो ते मला कळवा. खोटं लिहू नका, हवा उघडं पाडते. आणि ज्योत फुंकून विझवू नका, हात हलवून विझवा. आपल्याकडे चालत नाही.

तुमचा,
द्रायू”