धाकट्या बाईंचा पाठ

धाकट्या बाई तीन वर्षांच्या पोराला ‘अहो’ म्हणायच्या आणि पन्नाशीच्या वकिलाला ‘अरे’. शाळेत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, आपलीच ऐकण्यात काही चूक होतेय. मग बाई दारात वाकून, नाक वाहत उभ्या असलेल्या एखाद्या बारक्याला म्हणायच्या, “या. चप्पल कुठं ठेवणार तुम्ही?” आणि त्याला सोडायला आलेल्या बापाला म्हणायच्या, “तू जा आता. तुझं इथं काही काम नाही.” बाप जायचे. कचेरीत भल्याभल्यांना उभं करणारे बाप मुकाट्यानं पायऱ्या उतरायचे.

मी एकदा धीर करून विचारलं, हे असं उलटं कशाला? बाई म्हणाल्या, “इथं नवाबाचं पोर पाळण्यात असल्यापासून ‘आप’ असतं. आपल्या पोरांनी काय पाप केलंय?”

“आणि मोठ्या माणसांनी?”

“त्यांनी केलंय,” बाई म्हणाल्या आणि डाळीची वाटी फळीवर ठेवायला निघून गेल्या.

शाळा हैदराबादेतल्या जामबागेत होती, मराठी. मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई, आणि बालवर्ग सांभाळणाऱ्या त्या धाकट्या बाई. वयानं पाहिलं तर मोठ्या बाई यांच्या लेकीसारख्या. पण लहानांना शिकवणारा माणूस लहानच, असा हिशोब तेव्हा होता. आता फार बदलला आहे अशी माझी समजूत नाही.

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा सतरा वर्षांची होते, मॅट्रिक पास, आणि माझ्याइतकी शहाणी मुलगी मुसी नदीच्या दोन्ही काठांवर नाही याबद्दल माझी खात्री होती. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या सरकारी नोकरीतलं. पोलीस कारवाई होऊन गेली होती, निजामाचं राज्य हिंदुस्थानात आलं होतं, आणि जो तो देशासाठी काहीतरी करत होता. मीही देशासाठी बालवर्गात जायचं ठरवलं, कारण तो घराच्या मागच्याच गल्लीत होता आणि स्थळ सापडेपर्यंत वडील दुसरीकडे कुठं पाठवणार नव्हते.

पहिल्या दिवशी वॉयलची नवी साडी नेसून, दोन वेण्या पुढे घेऊन मी वर्गाच्या मधोमध उभी राहिले आणि टाळ्या वाजवत म्हणाले, “बालमित्रांनो!” कुणी वर पाहिलं नाही. एक जण गव्हातले खडे निवडत होता, एक रुमालाच्या घड्या घालत होती, दोघं पितळी लोट्यातून लोट्यात पाणी ओतत होते. कोपऱ्यात पाटावर बसलेल्या बाई म्हणाल्या, “ओरडतेस कशाला? बहिरे नाहीत ते. बस इथं.”

मी बसले. समोर एका मुलाचं पाणी सांडायला लागलं, तशी मी लोटा धरायला उठले. बाईंनी पदर ओढून मला खाली बसवलं. “बोटं शिवशिवतात ना? मांडीखाली घाल.” मला वाटलं, चेष्टा. चेष्टा नव्हती. पुढं कितीतरी दिवस मी दोन्ही हात मांडीखाली दाबून त्या पाटाशेजारी बसले. हातांना मुंग्या यायच्या. देशसेवा अशी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंचं सगळं शिकवणं म्हणजे ते बसणं. आदल्या संध्याकाळी कोणती वस्तू कुणाच्या हाताशी येईल अशी ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी गप्प राहायचं. पोराला अडलं तर जवळ जाऊन एकदा करून दाखवायचं, तेही न बोलता. नवरा ऐन तारुण्यात गेला तेव्हा घरच्यांशी भांडून त्या गुजरातेत गेल्या आणि हे शिकून आल्या. परत आल्या तर इथलं सरकार म्हणालं, ते कागद इथं चालत नाहीत, इथली परीक्षा द्या. ती उर्दूत. बाईंनी उर्दू शिकून ती परीक्षा दिली, आणि पास झाल्यावर कळलं की ती पहिलीपासून वरच्या वर्गांची आहे. पहिलीच्या खाली शिक्षण असतं हे सरकारदरबारी ठाऊकच नव्हतं.

नव्या सरकारला ते ठाऊक होतं, म्हणून पंचाईत झाली. बालवर्गाला मदत मिळणार, पण वर्गावरच्या शिक्षिकेनं परीक्षकांसमोर एक पाठ देऊन दाखला मिळवला पाहिजे. शाळेचे सेक्रेटरी, म्हणजे ते पन्नाशीचे वकील, सांगायला आले. दाखला मिळाला तर बाई बालवर्गाच्या प्रमुख, कायमच्या. नाही मिळाला तर वर्ग दाखलेवालीकडे जाईल. जोडीला मीही पाठ द्यावा, म्हणजे कुणीतरी एक असेल हाताशी.

“अरे, माझे दोन दाखले आहेत,” बाई म्हणाल्या.

“ते जुन्या राज्यातले आणि परक्या मुलखातले, बाई. आता आपलं राज्य आहे.”

“हौ, आपलंच,” बाई म्हणाल्या. “पूर्वी उर्दूत नापास करायचे, आता मराठीत करतील. तेवढीच प्रगती.”

त्याच सुमारास वर्गात शेवंता आली होती. बिदरकडच्या एका खेड्यातली, चार वर्षांची. रझाकारांच्या धामधुमीत घर जळालं, आई गेली, आणि मामा तिला जामबागेत घेऊन आला. ती दोन्ही मुठी घट्ट मिटून भिंतीशी उभी राहायची. खाऊ दिला तरी मूठ उघडायची नाही, मामी घरी भरवायची. बाई रोज तिच्यापुढं दोन लोटे ठेवायच्या, एकात पाणी, आणि शाळा सुटली की उचलायच्या. मी एकदा गुळाच्या खड्याची लालूच दाखवून तिची बोटं सोडवू लागले. बाई इतक्या रागावलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. “ती मूठ त्यांची आहे,” त्या म्हणाल्या. “तुझी नाही.”

पाठाची तयारी मी मात्र जोरात केली. हेतुकथन, प्रश्न, तक्ता, उजळणी, सगळं घोकलं. विषय पोपट. बेगम बाजारातून मातीचा पोपट आणला, त्याच्या चोचीचा रंग उडाला होता, ती कुंकवानं रंगवली. घरी धाकट्या भावाला समोर बसवून मी इतक्यांदा पोपटाचे उपयोग सांगितले की तो झोपेत शिट्टी मारायला लागला. बाईंना विचारलं, तुम्ही कोणता पाठ घेणार? त्या म्हणाल्या, “बघू.”

परीक्षक तिकडून, पुण्याकडून मागवलेले. स्वच्छ धोतर, वर कोट, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द इस्त्री करून ठेवलेला. पहिला पाठ बाईंचा होता. मी मागं पदराआड पोपट धरून बसले होते. बाई दारात गेल्या आणि म्हणाल्या, “या. बसा.” त्यांच्या तोंडून मोठ्या माणसाला ‘बसा’ मी पहिल्यांदा ऐकलं. बाईंना ती जागा किती हवी होती, हे मला तिथंच कळायला हवं होतं. मला फक्त गंमत वाटली.

परीक्षक खुर्चीत बसले. मुलं आपापल्या कामाला लागली. बाईही चार पावलं पुढं आल्या, फळ्याजवळ उभ्या राहिल्या, खडू उचलला. आणि मग खडू ठेवून कोपऱ्यातल्या पाटावर जाऊन बसल्या.

बराच वेळ गेला. परीक्षकांनी घसा साफ केला. “बाई, आपण पाठ सुरू करावा.”

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. परीक्षकांच्या ओठांवर मिशी होती, ती थरथरली. वर्गात गव्हाचे दाणे पडल्याचा आवाज येत होता, आणि कुठंतरी पाणी ओतल्याचा. मी परीक्षकांच्या चेहऱ्याकडे बघत होते, मला वर्गात बघायची सवड नव्हती. आणखी वेळ गेला. परीक्षक उठून बाईंजवळ गेले आणि जरा मोठ्यानं म्हणाले, “सुरुवात कधी करणार आपण?”

“हळू बोल,” बाई म्हणाल्या. “संपत आलाय.”

मग माझा पाठ. मी मुलांना ओळीत बसवलं, हाताची घडी घालायला लावली, आणि पदराआडून पोपट बाहेर काढला. “सांगा पाहू, याचा रंग कोणता?” “हिरवा!” एक जण “हरा!” म्हणाला, त्यालाही मी शाबासकी दिली. परीक्षक हसले. शेवंता भिंतीशी होती की ओळीत, मला आठवत नाही. मला स्वतःचा आवाज तेवढा आठवतो. काय गोड लावला होता.

मी पास झाले. आमच्या घरच्यांनी साऱ्या गल्लीला पेढे वाटले, आणि वडिलांनी ज्याला त्याला सांगितलं की मुलीला सरकारनं बालवर्गाची प्रमुख केलं. बाईंच्या बाबतीत शेरा असा होता की पाठ झालाच नाही.

सेक्रेटरी पुन्हा आले. म्हणाले, बाईंना आम्ही काढणार नाही, मदतनीस म्हणून राहतील, शेवटी माणुसकी आहे. बाईंनी “माणुसकीचा दाखला आहे का रे तुझ्याजवळ?” असं विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला येऊन लोटे घासायला बसल्या.

दोन वर्षं मी त्यांची वरिष्ठ होते. म्हणजे पाट त्यांचा, मुलं त्यांची, आणि हजेरीवर सही माझी. तपासणीला कुणी आलं की बाई स्वतः उठायच्या, लोटे टोपलीत भरायच्या आणि मागं नळाशी जाऊन बसायच्या. मी मुलांकडून हाताच्या घड्या घालून घ्यायची, पोपट काढायची. साहेब खूष होऊन गेले की बाई टोपली घेऊन आत यायच्या. मुलांच्या घड्या आपोआप सुटायच्या. त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं. एकदाच नळाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, “पोपट जपून ठेव गं. जुना होतोय. त्याच्यावर आपल्या दोघींचं पोट आहे.”

माझं लग्न ठरलं, सासर शहरातच, विद्यानगरला. मी मनात म्हटलं, आता तरी वर्ग बाईंना मिळेल. मिळाला नाही. दुसरी पास झालेली मुलगी आली. तिच्याकडे मातीचा आंबा होता. ती लग्न होऊन गेल्यावर तिसरी. साऱ्या जणींना हात मांडीखाली घालायला बाईंनीच शिकवलं, आणि साऱ्या जणी प्रमुख होऊन गेल्या. पुढं राज्याचे तुकडे झाले, मराठी माणसं औरंगाबादेकडे निघाली. बाईंनाही बोलावणं होतं म्हणे. त्या म्हणाल्या, “तिकडं जाऊन आणखी एकदा पोपट म्हणू का?” आणि हैदराबादेतच राहिल्या.

त्यांचं काम सुटल्यावर मी मलकपेठेतल्या त्यांच्या खोलीवर गेले. माझा तीन वर्षांचा मुलगा बरोबर होता. बाई फार वाळल्या होत्या, पण दार उघडल्यावर आधी खाली वाकल्या. “या. पाणी घेणार का तुम्ही?” मग माझ्याकडे बघून, “तू बस तिथं.” त्यांनी त्याच्यापुढं तांब्या आणि फुलपात्र ठेवलं. तो ओतायला लागला, पाणी फरशीवर आलं, मी उठले. बाईंनी नुसतं पाहिलं. मी परत बसले आणि हात मांडीखाली घातले.

इतक्या वर्षांचं जे मनात होतं ते मी तेव्हा विचारलं. “बाई, चार वाक्यं तर बोलायची होती. पोपट नाही तर मांजर. तुम्हाला काय अवघड होतं?”

“पोपटच होता,” बाई म्हणाल्या. “पाठ केला होता मी. घरी, आरशासमोर. तुझ्यापेक्षा चांगला म्हणत होते.”

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“फळ्यापाशी उभी राहिले, खडू घेतला. तोंड उघडणार, तर भिंतीशी शेवंताबाईंची मूठ सुटलेली. लोटा उचलला होता त्यांनी. ओतत होत्या. थेंबही सांडत नव्हता. एकदा ओतलं, मग परत ओतलं. आता सांग, मी पोपट म्हणाले असते तर त्या थांबल्या असत्या की नाही?”

“थांबल्या असत्या.”

“मग?”

मला वाटलं, आता बाई म्हणतील की त्याचं काही वाटत नाही. म्हातारी माणसं असं म्हणतात, मीही आता म्हणते. बाई तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “मला ती जागा हवी होती गं,” त्या म्हणाल्या. “फार हवी होती. कुणाला सांगताना असं सांगू नकोस की बाईंना त्याचं काही नव्हतं.”

खाली मुलाचं ओतणं चालू होतं. बाई त्याच्या हातांकडे बघत होत्या.

“इतके महिने मुठी आवळून उभ्या होत्या,” त्या म्हणाल्या. “आणखी एक दिवस थांबायला काय झालं होतं त्यांना?”

तोवर तांब्या रिकामा झाला होता आणि खोलीभर पाणी. बाईंनी दोरीवरचं फडकं ओढलं, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि माझ्या मुलाला म्हणाल्या, “हे घ्या. सावकाश पुसा. आम्हाला घाई नाही.”