पाटावरचं पाणी

श्रीरंगदादाने पळीभर पाणी घेतलं आणि मी नुकत्याच खाली ठेवलेल्या बाळकृष्णावर ओतलं. मग घंटेवर ओतलं. मग मी ज्या पाटावरून उठलो होतो त्या पाटावर चार शिंतोडे मारले आणि स्वतः त्यावर मांडी घालून बसला.

जर्मनीतल्या कोलोनच्या त्या स्टुडिओत तेव्हा पंचवीस-तीस माणसं होती. एकालाही काही कळलं नाही. दिग्दर्शिका काटरीन मॉनिटरमागून ओरडली, "श्योन! सुंदर! हे राहू दे, फार सुंदर आहे!"

मला कळलं. माझ्या आज्यालाही लांबून बघून कळलं असतं.

मी नट आहे. नागपुरात नाटकं केली. बायकोला इथल्या एका संस्थेत संशोधनाची नोकरी लागली, तिच्यामागे आलो, मरमर करून जर्मन शिकलो आणि टीव्हीवर पडेल ते काम केलं. टॅक्सीवाला झालो, निर्वासित झालो, रेस्टॉरंटचा मालक झालो. एका मालिकेत सर्जन होतो, दुसरीत खुनी. मग पहिल्यांदाच मोठा रोल मिळाला. टीव्हीसाठीचा सिनेमा, त्यात कोलोनमध्ये आयुष्य काढलेला म्हातारा मराठी प्रोफेसर. रोज सकाळी साग्रसंगीत पूजा करणारा.

रीतिरिवाज तपासायला निर्मात्यांना एक जाणकार हवा होता. श्रीरंगदादाचं नाव मीच सुचवलं. दादा पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये, मराठी मंडळाच्या नाटकांचा कर्ताधर्ता. रविवारी आमच्याकडे मटण खायला यायचा. हॉलमधल्या बाबासाहेबांच्या फोटोखालची खुर्ची त्याची ठरलेली. तिथे बसून रस्सा पुन्हा मागायचा आणि म्हणायचा, "इथे आपण सगळे एकच रे." मी ते खरं मानलं. त्याच्या वागण्यापेक्षा मला अजून राग येतो तो याचा.

पूजा शिकवा म्हणून मी त्याच्या मागे लागलो होतो. "येईल रे तुला, टेन्शन नको घेऊस," म्हणून त्याने दर वेळी टाळलं. मग व्हिडिओ बघून स्वयंपाकघरात सराव केला. मिठाची बरणी म्हणजे बाळकृष्ण. बायको दारात उभी राहून हसली.

"आपल्या घरात कधी नव्हतं ते आणलं ना शेवटी?"

"रोल आहे गं."

"रोलच राहू दे," ती म्हणाली.

रोलच होता. मला देव नको होते, सीन हवा होता.

शूटिंगच्या दिवशी सोवळं नेसलो, उपरणं घेतलं, बोटात प्रोफेसरची अंगठी घातली. जानवं कपडेपटातल्या बाईने शिवणाच्या दुकानातल्या दोऱ्याचं वळून दिलं होतं. देव्हारा मांडत होती आन्या, प्रॉपर्टीवाली पोरगी. डाव्या हातात सॉसेज घातलेला पाव, उजव्या हाताने ती देव उचलून इकडचे तिकडे करत होती. दादा शेजारी उभा राहून सांगत होता, "गेनाऊ, बरोब्बर, थोडा उजवीकडे." तिचे हात त्याला चालले. पाव खाता खाता चालले.

पहिला टेक माझ्या हातांनी झाला. देवाला आंघोळ घातली, पुसलं, अनामिकेने गंध लावलं, तुळस वाहिली. एकदाही अडखळलो नाही. कॅमेरामनने अंगठा वर केला. मी पाटावरच बसून होतो आणि दादा काटरीनच्या कानाला लागला.

ती माझ्याजवळ येऊन बसली. "हे बघ, तुझा चेहरा अप्रतिम आहे. फक्त हातांच्या क्लोजअपला आपण श्रीरंगचे हात घेऊ. तो म्हणतो, तुझ्या समाजात ही परंपरा नाही, जाणकारांना ते लगेच दिसेल. आपल्याला सगळं ऑथेंटिक हवं ना."

मी दादाकडे पाहिलं. तो मराठीत, हळूच म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. काही गोष्टी रक्तात असाव्या लागतात."

सर्जन झालो तेव्हा माझ्या रक्तात कुणी शस्त्रक्रिया शोधली नव्हती. खुनी झालो तेव्हा क्लोजअपसाठी तुरुंगातून हात मागवले नव्हते. हे सगळं तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं. इतक्या वर्षांनी मोठा रोल मिळाला होता. मी अंगठी काढून दादाला दिली आणि पाटावरून उठलो.

मग त्याने ते पाणी घेतलं.

बाळकृष्णाची आंघोळ सीनमध्ये आधीच झाली होती. क्लोजअप फक्त गंधाचा होता. आणि पाटाला कोण आंघोळ घालतं?

"कट," मी म्हणालो.

सेटवर हा शब्द उच्चारायचा अधिकार एकाच माणसाचा असतो. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी जर्मनमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हे पाणी स्क्रिप्टमध्ये नाही. मी शिवलो म्हणून त्याने देव धुतले. मी बसलो म्हणून पाट धुतला. तुम्हाला जे सुंदर वाटलं ते हे आहे."

आन्याचं चावणं थांबलं. दादा लालबुंद झाला. "अरे, परक्या लोकांत आपली अब्रू कशाला काढतोस?"

"आपली? पाणी तुम्ही ओतलंत, दादा."

त्याला दादा म्हटलं ते शेवटचं.

काटरीनने घड्याळ पाहिलं. "हा तुमच्या संस्कृतीतला अंतर्गत प्रश्न आहे, मी त्यात पडू शकत नाही. हवं तर पूजेचा सीनच काढून टाकू?"

"काढू नका. तो माझ्या हातांनी होईल. नाहीतर चेहराही माझा नाही."

ती उठून पुन्हा मॉनिटरमागे गेली. मी जानवं काढलं, कपडेपटाच्या हँगरला अडकवलं आणि घरी आलो. संध्याकाळी एजंटचा फोन आला, परस्पर संमतीने आपण वेगळे होत आहोत असं निर्मात्यांनी कळवलंय म्हणून. माझी संमती कुणी विचारली नव्हती. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं केलंस. अंगठी दिली तेव्हाच करायचं होतं." खरं होतं. मला ते झोंबलं.

सिनेमा दाखवला गेला. प्रोफेसर लंडनचा कुणी नट होता, हात श्रीरंगचे. पाटावरचं पाणीसुद्धा ठेवलं होतं, जवळून, छान उजेडात. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. किती ऑथेंटिक! डोळे भरून आले! मी खाली एकच ओळ लिहिली: "त्या पाटावर आधी मी बसलो होतो, म्हणून ते पाणी आहे." थोड्या वेळाने कुणीतरी दिवाळी फराळाच्या ऑर्डरचं विचारलं आणि सगळे तिकडे बोलायला लागले.

मी ग्रुप सोडलेला नाही. माझी ओळ तिथे आहे, ज्याला वाचायची त्याने वाचावी.

आता नव्या रोलसाठी ओळखीचा व्हिडिओ करतो तेव्हा आडनावासकट नाव सांगतो. इथे नटाला हातही दाखवायला सांगतात, आधी तळवे, मग पालथे. मी ते कॅमेऱ्यासमोर धरतो आणि लवकर खाली घेत नाही. आणि करारावर सही करण्याआधी एक वाक्य घालून घेतो. दोन कामं त्यापायी गेली, आणखी जातील. वाक्य तेच राहील: चेहरा माझा तर हातही माझे.