सावेलीचा रफू केलेला कोट

आमच्या गावात कुणी मेलं की आधी कापाकडे माणूस धावतो. शवपेटी कारखाना देतो, खड्डा खणणारी माणसं कारखाना देतो, पण पेटीपुढे न्यायच्या छोट्या लाल उश्या कापाच, म्हणजे कापितोलिनाच, शिवते. मखमलीच्या, चारी कोपऱ्यांना गोंडे. माणसानं आयुष्यात मिळवलेलं एकेक पदक एकेका उशीवर ठेवायचं आणि शेजाऱ्यांनी ती हातांवर धरून पेटीपुढे चालायचं. ज्याच्यापुढे एकही उशी नाही, तो मेला काय अन् जगला काय.

कारखाना कसला, ते विचारायचं नाही. मॉस्कोत एक मंत्रालय आहे, त्याच्या पाटीवर नुसतं ‘यंत्रबांधणी’ लिहिलंय. त्याच मंत्रालयाचं आमचं गाव. नकाशावर नाही, पत्त्यात नुसता टपालपेटीचा आकडा. दुकानात कारखान्याची पातेली मिळतात. काटेरी कुंपण, बंदूकवाले पहारेकरी, आणि आत म्हणे पातेली! तोफगोळे बनतात हे शेंबडं पोरही जाणतं, पण तोंडानं म्हणायचं पातेली.

कापाचा नवरा सावेली जन्मभर तिथल्या दाबयंत्रावर होता.

"आज काय केलंस रे?" कापा विचारायची.

"पातेली."

"आणि झाकणं कोण करतं?"

"तुझा बाप. वाढ आता."

एवढ्यावर त्यांचा संसार झाला. माझा तरी वेगळा कुठं झाला? माझा नवरा रोद्या सावेलीच्याच खात्यात.

एका वसंतात सावेली कारखान्याच्या सभेहून घरी आला तो नव्या काळ्या कोटाला भोक पाडून. उजव्या छातीवर, आरीनं पाडावं तसं गोल. मी तेव्हा तिथंच चहा पीत होते.

"मेल्या, लग्नाकार्याला घालायचा कोट! सिगरेटनं जाळलास ना?"

"खिळ्याला अडकला."

"खिळ्यानं फाटेल. असं गोल कशाला होईल?"

त्यानं भोकावरून बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी कापानं रफू केलं. तिचा हात असा की भिंग लावलं तरी कळू नये. सावेली कोट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. "छान झालंय," म्हणाला. बस्स.

या जानेवारीत तो यंत्रापाशीच छाती धरून खाली बसला आणि गेला. त्याला तोच कोट चढवताना कापाचं बोट रफूवर थांबलं. मोठी पदकं टाचणीनं नाही, मळसूत्रानं बसतात, त्यासाठी कोटाला भोक पाडावं लागतं. हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

"फाइना," ती मला म्हणाली, "याला पदक दिलं होतं गं. दिलं, आणि गुपित फुटू नये म्हणून काढून घेतलं."

रडली नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं नाही.

ल्याखोव भेटायला आला. मंत्रालयाचा माणूस, गुपितं सांभाळणं हीच त्याची नोकरी.

"मला पदक नको," कापा म्हणाली. "ते तुमच्या तिजोरीत कुजू दे. एवढंच सांगा, मी उशी शिवू की नको?"

"कापितोलिना अंतिपोव्ना, सावेली निकोनोविच फार चांगले कामगार होते."

"ते मला ठाऊक आहे. शिवू की नको?"

"आहे असंही मला म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. पण रिकामी उशी काढलीत तर लोक विचारतील कशाची. ते बरं नाही." त्यानं टोपी घातली.

"मुडदा बशिवला याचा!" दार लागल्यावर मी म्हणाले. कापानं मांडीवरची मखमल घडी करून ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी अंगणात दोन स्टुलांवर उघडी पेटी ठेवली. बर्फ भुरभुरत होतं. कापा वाकली. लोकांना वाटलं, शेवटचा मुका घेतेय. तिच्या मुठीत छोटी कात्री होती. तिनं रफूचा धागा न् धागा उसवला. भोक पुन्हा तसंच गोल उघडं पडलं.

"त्या दिवशी घरी आला होता तसाच जाऊ दे," ती म्हणाली.

खात्यातली माणसं निरोपाला एकामागून एक पुढे आली. सगळ्यांत पुढे म्हातारा मुकादम येफीम. त्यानं भोक पाहिलं. त्याचा हात आपल्याच कोटाच्या उजव्या बाजूवर गेला आणि क्षणभर तिथंच राहिला. मागच्याचाही गेला. त्याच्या मागे माझा रोद्या होता. त्याचाही. ल्याखोव बाजूला टोपी काढून बर्फाकडे बघत उभा होता.

"बघितलंस ना?" कापा माझ्या कानाशी म्हणाली.

"बघितलं."

"होतं गं. आणि मी माझ्याच हातानं बुजवलं."

मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

श्राद्धाचे घावन खाऊन आम्ही घरी आलो. रोद्या कोट काढून टेबलाशी बसला. कोट खुंटीला लावताना मी उजव्या छातीवरून बोट फिरवलं. गाठ लागली. तिथंही रफू होतं, गबाळं, काळ्या कापडावर निळ्या दोऱ्याचं. ज्याला बटण लावता येत नाही त्यानं बायकोच्या नकळत बसून केलेलं.

"काय शोधतेस?"

"काही नाही. सूप गरम करू?"

"कर."

मी सूप गरम करायला ठेवलं. पातेलं कारखान्याचंच होतं.